कुलाब्याच्या खडकावरचे हिवाळी पाहुणे

पौष-माघात कामाला जरा उसंत मिळाली की घरोघरी सहलीचे बेत शिजू लागतात. कोकणात भात झोडून झालेले असते, घाटावर ज्वारी हुरड्याला आलेली असते. राखणीला एखादा माणूस मागे ठेवून बाकीची मंडळी अष्टविनायकाला निघतात. त्यातले पाली आणि महड हे दोन गणपती रायगड जिल्ह्यातले. त्यांचे दर्शन झाले की गाडी पुष्कळदा अलिबागकडे वळते, कारण मुलांना समुद्र पाहायचा असतो, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांनाही.

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिलात की समोर पाण्यात कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटी असली तर तुम्ही चालत किंवा घोडागाडीत बसून किल्ल्यात जाता, सिद्धिविनायकाला हात जोडता, तोफांपाशी फोटो काढता आणि पाणी चढायच्या आत परत येऊन शहाळ्याच्या गाडीपाशी उभे राहता. या जाण्यायेण्याच्या वाटेवर तुमच्या दोन्ही अंगांना हजारो मैलांवरून आलेले पाहुणे चरत असतात. कोणी तिबेटच्या पठारावरून आलेला, कोणी सैबेरियाच्या उत्तर टोकाकडून. त्यांच्यासाठी फारसे कोणी थांबत नाही. ‘बगळे दिसतात,’ किंवा ‘टिटव्या असतील,’ एवढे म्हणून माणसे पुढे जातात. यंदा तुमचा बेत अलिबागचा असेल, तर गणपतीइतकाच वेळ या मंडळींना द्या. कधी जायचे, कुठे बसायचे आणि काय पाहायचे, ते सांगतो.

आधी जागेविषयी दोन शब्द. कुलाबा किल्ला खडकाच्या एका बेटावर आहे, पण हे बेट दिवसातून दोनदा बेट असते आणि दोनदा नसते. भरतीला चारी बाजूंनी पाणी, ओहोटीला किनाऱ्यापर्यंत ओल्या वाळूची आणि खडकांची वाट. शिवाजी महाराजांनी १६८० साली किल्ल्याचे काम सुरू केले, पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे ते मुख्य ठाणे झाले आणि १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून केलेला हल्लाही येथे फसला. जिल्ह्यालासुद्धा या किल्ल्यावरून कुलाबा हेच नाव होते, ते १९८१ साली बदलून रायगड झाले. तटाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आली की पाणी फटीत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. इतिहास एवढा पुरे, त्यावर पुस्तके आहेत. आपल्याला आज तटाच्या आतले नव्हे, तटाबाहेरचे पाहायचे आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे, वेळ. घड्याळ पाहून इथे काही साधत नाही, पंचांग लागते. आपण शेतकरी माणसे सूर्यावर चालतो, दिवस उगवला की कामाला आणि मावळला की घरी. या पक्ष्यांचे रान चंद्राच्या तालावर उघडते आणि बंद होते. ओहोटी लागली की चराईला मोकळे, भरती आली की चराई बंद. मग ती ओहोटी रात्री दोनला का असेना, हे पक्षी अंधारात चोचीने चाचपत चरतात. आणि दिवसा भर दुपारी भरती असली तर एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपतात.

किनाऱ्यावरच्या लोकांचा भरतीचा एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमाराला भरती पूर्ण. तिथून सहा तास मोजले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे ओहोटी साडेदहाला. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याच्यामागोमाग पाणीही तेवढेच मागे सरकते, हे या हिशेबातले मर्म. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा किनाऱ्यावर गेल्यावर कोळी बांधवांना किंवा घोडागाडीवाल्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. पण घरी बसून सहलीची तारीख ठरवायला तो उत्तम आहे.

आणि तारीख ठरवताना गंमत अशी, की आपल्या सोयीची तिथी नेमकी चतुर्थीच येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी चांगले लांब ओसरते, पण ओहोटीची वेळ पडते सकाळी सहाच्या आसपास. थंडीच्या दिवसांत मुलाबाळांना घेऊन एवढ्या पहाटे कोण निघणार? उलट अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, पण ती भांगाची, पाणी चढतही फारसे नाही आणि उतरतही फारसे नाही. वाट पुरती उघडी पडेलच याची खात्री नसते, आणि बाराच्या उन्हात पक्षी पाहण्यात तसाही अर्थ नाही. तृतीया, चतुर्थी, पंचमी या तिथींना उधाणाचा जोर बराचसा टिकून असतो आणि ओहोटी आठ ते दहाच्या दरम्यान, कोवळ्या उन्हात येते. संकष्टीला निघालात तर गणपतीचे दर्शन आणि पाहुण्यांची भेट एकाच फेरीत होते.

परतीचा हिशेबही इथेच सांगतो, कारण त्यात चुकले तर पक्षी राहतात बाजूला आणि जीवावर बेतते. इथे उधाणाला भरती-ओहोटीच्या पाण्यात बारा-पंधरा फुटांचा फरक पडतो. समजा बारा फूट धरले. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात पाणी एकच फूट चढते, दुसऱ्या तासात दोन, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन फूट, मग पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. पहिला तास माणसाला फसवतो, तो असा. ‘अजून तर काही पाणी आले नाही’ म्हणून आपण खडकावर बसून राहतो, आणि मग ते भराभर येते. शिवाय ते नेहमी समोरून येत नाही. किनाऱ्याजवळचा सखल भाग आधी भरतो आणि तुम्ही उंचवट्यावर कोरडे उभे असताना मागची वाट बंद होते. नऊची ओहोटी असेल तर साडेसातला निघा, पाणी उतरत असताना तिकडे जा आणि दहाच्या आत किनाऱ्याला लागा. अशा वाटांवर दरवर्षी माणसे अडकल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांतली बहुतेक पट्टीची पोहणारी असूनही घाबरून गेलेली असतात.

आता चला. सकाळी किल्ल्याकडे जाताना सूर्य तुमच्या पाठीशी असतो, कारण किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. समोरच्या खडकांवर सरळ ऊन पडते आणि पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. येताना मात्र ऊन डोळ्यांवर येते आणि सगळे पक्षी काळे दिसतात. म्हणून पाहायचे ते जातानाच पाहून घ्यावे, देवदर्शन नंतर. देव रागावणार नाही, तो जागेवर आहे. दुर्बीण असेल तर सोन्याहून पिवळे, नसेल तरी अडत नाही. नाकासमोर पक्ष्यांवर चालून जाऊ नका. कालवे काढणाऱ्या बाया खडकावर तासन् तास वाकून काम करतात, त्यांच्यापासून थोड्या अंतरावर हे पक्षी निर्धास्त चरतात. सरळ अंगावर चालत येणारा उभा माणूस त्यांना शिकारी वाटतो, खाली मान घालून आपले काम करणारा वाटत नाही. तेव्हा वाटेच्या कडेला एखादा सुका खडक बघून बसा आणि दहा मिनिटे हलू नका. पोरांना हे कठीण जाते, पण प्रत्येकाला एकेक पक्षी वाटून द्या आणि ‘तुझ्या पक्ष्याने काय खाल्ले ते सांग’ म्हणा. माझ्या अनुभवाने सांगतो, सगळ्यांत उत्तम पाहणी आठ-दहा वर्षांच्या पोरांचीच असते.

पहिल्यांदा दिसतील कुरव. पांढरे, करड्या पाठीचे, कावळ्याहून थोराड वाटणारे. यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या तलावांकाठी पिल्ले वाढवतात आणि हिवाळ्यात इथे येतात. मात्र नावाप्रमाणे तपकिरी डोके शोधत बसाल तर सापडणार नाही. हिवाळ्यात डोके पांढरे होते, कानामागे फक्त एक काळसर ठिपका उरतो. फाल्गुन-चैत्रात परतीचे दिवस आले की डोक्यावर तपकिरी टोपी चढू लागते. एकाच थव्यात कोणाची टोपी पुरी, कोणाची अर्धी, असे लग्नघरासारखे दृश्य असते. मांडव्याला बोटीने आला असाल तर हे तुम्हाला आधीच भेटलेले असतात. बोटीवरून माणसे त्यांना गाठ्या आणि वेफर्स टाकतात, त्यासाठी ते बोटीमागे झेपावतात. फोटो चांगले येतात हे कबूल, पण तेलामिठाचे ते खाणे समुद्रपक्ष्याच्या पोटासाठी नाही. तुमच्या पाकिटातला खाऊ तुमच्या मुलांसाठीच ठेवा.

पाण्याच्या काठाकडे पाहा. लाट मागे सरली की तिच्यामागे धावणारी आणि लाट आली की पुढे पळणारी, चावी दिलेल्या खेळण्यासारखी पांढुरकी पाखरे दिसतील. ही सँडर्लिंग. लाटेने उघडे पाडलेले किडे आणि बारीक शेवंड्यांसारखे जीव टिपायला त्यांना दोन-तीन सेकंदच मिळतात, म्हणून ही धावपळ. चिमणीपेक्षा जरा मोठा हा जीव, वजन पाचेक तोळे, आणि पिल्ले घालतो उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात. वाळूवर थोडे वर, कोरड्या बाजूला, थांबत-थांबत चालणारे ते चिखल्या. चार पावले पळायचे, थबकायचे, एकदम वाकून टिपायचे. आपली टिटवी असेच करते ना? बरोबर, टिटवी त्यांच्याच कुळातली. हे लहान चिखल्या हिमालयापलीकडच्या उंच पठारांवर उन्हाळा काढतात आणि हिवाळ्यात समुद्रसपाटीला येतात. त्यांच्यात एखादा थोराड, करड्या रंगाचा, खांदे पाडून उभा असलेला दिसला तर तो उडण्याची वाट पाहा. उडताना काखेत काळा डाग दिसला की समजा, तो करडा चिखल्या.

खडकावर शेवाळाच्या रंगात मिसळून गेलेला, नारिंगी पायांचा एक गिड्डा पक्षी आहे. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच दगड उलटवणारा. छोटी चपटी चोच दगडाखाली किंवा शिंपल्याखाली घालतो, मान उचकतो आणि उलटवतो, खाली जे काही वळवळते ते खातो. एकट्याने उलटत नसेल तर कधी दोघे-तिघे मिळून जोर लावतात. त्याच्या शेजारी एखाद वेळी काळा-पांढरा, लालबुंद लांब चोचीचा पक्षी दिसला तर तुमचे नशीब चांगले म्हणायचे. तो कालवफोड्या. शिंपला मिटून घट्ट बसलेला असताना तो उघडायचा कसा, हा प्रश्न कालवे काढणाऱ्या बायांनाही पडतो आणि त्यांच्या हातात लोखंड असते. या पक्ष्यांतले काही ठोके घालून शिंपला फोडतात, तर काही शिंपला किंचित उघडण्याची वाट पाहून पातळ चोच आत सारतात आणि त्याला मिटवून ठेवणारा स्नायूच कापून टाकतात. आईबापांबरोबर राहून पिल्ले ही कला शिकतात.

चिखलाच्या भागात दिसतील लांब चोचींचे. त्यांतला सर्वांत मोठा, कोंबडीएवढा, पाच-सहा इंच लांब खाली वाकलेल्या विळ्यासारख्या चोचीचा तो कोरल. चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून खेकड्याच्या बिळाचा वाक पकडत आत जातो. चोचीचे फक्त टोक उघडता येते, त्यामुळे आतल्या आत भक्ष्य चिमटीत धरून तो ओढून काढतो. खेकडा मिळाला की आधी झटके देऊन नांग्या मोडतो, मग गिळतो. आपल्याकडे मुठे-खेकडे पकडणाऱ्या पोरांना हे शिकवायला नको.

तुम्ही म्हणाल, एवढेसे रान, त्यात इतक्या जातींचे पक्षी, भांडणे कशी होत नाहीत? होतात, पण थोडी. आपण तुरीत मूग घेतो, तुरीची मुळे खोल जातात आणि मुगाची वरच्या थरात राहतात, दोघांचेही भागते. इथेही तसेच आहे. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे टिपतो, मधल्या चोचीचा तुतवार इंच-दीड इंचाखालचे, पाणटिवळा त्याखालचे आणि कोरल सगळ्यांत खोलचे. आणि रानाला खतपाणी दिवसातून दोनदा, भरतीबरोबर घरपोच.

पाणटिवळ्याचे नाव आले म्हणून सांगतो. याला इंग्रजीत गॉडविट म्हणतात. पट्टेरी शेपटीच्या जातीचे आपल्याकडे येणारे पक्षी सैबेरियाच्या उत्तरेकडून येतात. याच जातीच्या, जेमतेम पाच महिने वयाच्या एका पक्ष्याने २०२२ च्या ऑक्टोबरात अलास्काहून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटापर्यंत ११ दिवसांत १३,५०० किलोमीटरांहून अधिक प्रवास केला, तोही कुठेही न उतरता. त्याच्या अंगावर बसवलेल्या छोट्या यंत्रामुळे हे कळले. खाणे नाही, पिणे नाही, समुद्रावर बसता येत नाही कारण हा पोहणारा पक्षी नव्हे. निघण्याआधी अंगावर चरबी चढवायची आणि तीच जाळत उडत राहायचे, एवढेच त्याच्या हाती. बैलगाडीने लांबचा पल्ला मारायचा असेल तर आपण आधी आठ दिवस बैलांना सरकी-पेंड वाढवतो, तसेच हे. फरक इतका की इथे गाडी आणि बैल एकच आहे आणि वाटेत चारा नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतले त्याकडे येतो. पाणी चढू लागले की चराई संपते. तुम्ही किनाऱ्याला परत आलेले असता, आणि पक्षीही मागे-मागे सरकत येतात. खडक बुडतात, चिखल बुडतो, आणि मग सगळ्या जातींचे थवे उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीने उभे राहतात. पाहण्याची ही दुसरी संधी. अलिबागच्या दक्षिणेला खाडीपलीकडे आक्षीचा किनारा आहे. तोच आक्षी गाव, जिथे शके ९३४ चा, मराठीतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक मानला जाणारा शिलालेख सापडला. तिथला किनारा लांब आणि सपाट आहे, पक्षी पाहणारी मंडळी हिवाळ्यात मुद्दाम तिथे जातात. भरतीच्या वेळी तिथल्या सुरूच्या सावलीत लांब बसून पाहिले तर शेकडो पक्षी वाऱ्याकडे तोंड करून एका पायावर उभे दिसतात.

नेमकी हीच वेळ माणसांच्या मौजेची असते. भरती आली की किनारा अरुंद होतो, गर्दी त्याच पट्ट्यात दाटते. घोडागाड्या पळतात, फटफट्या आणि चार चाकांच्या खेळण्यातल्यासारख्या गाड्या वाळूवर भुंगाट सुटतात, मोकाट कुत्री थव्यांमागे लागतात. आणि सगळ्यांत जास्त उठवणारे म्हणजे आपलीच मुले. थव्यात धावत जायचे, पाखरे भुर्रकन उडाली की टाळ्या पिटायच्या आणि बापाने ते मोबाइलवर टिपायचे. मुलाला त्यात आनंद होतो हे मीही मानतो. पण त्या पाखराचा हिशेब पाहा. त्याला पोट भरायला ओहोटीचे पाच-सहा तास मिळाले, ते अंगी लागायला हवेत म्हणून ते निजलेले आहे. दर अर्ध्या तासाने उठवले तर खाल्लेले तिथेच उडून जाते. दुभत्या म्हशीला रवंथ करताना दर घटकेला कोणी काठी घालून उठवू लागला तर तुम्ही काय कराल? फाल्गुनापर्यंत अंगावर चरबी चढली नाही तर तो पक्षी एक तर निघत नाही, किंवा निघतो आणि पोहोचत नाही, किंवा पोहोचून अंडी घालण्याइतकी ताकद त्याच्यात उरत नाही.

ही नुसती कळवळ्याची गोष्ट नाही. जगभरच्या जिवांची यादी ठेवणाऱ्या आय. यू. सी. एन. या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये किनारपक्ष्यांच्या अनेक जातींना धोक्याच्या दिशेने वर सरकवले. त्यांत आपला करडा चिखल्या आहे आणि नारिंगी पायांचा दगड उलटवणाराही आहे. त्याआधी दोघांनाही कोणी काळजीचे मानत नव्हते. कारणे अनेक देशांत पसरलेली आहेत. आपल्याच जिल्ह्यात पाहायचे तर उरणकडे भरतीच्या वेळी पक्षी जिथे विसावत, अशा कितीतरी पाणथळ जागांवर गेल्या काही दशकांत भराव पडला. मिठागरेही कमी झाली. जागा गेली की थवा उरलेल्या पट्ट्यावर येतो, आणि तिथे आपण असतो. खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी तर हे ध्यानात घ्यावे, कारण भरतीला बाहेरचा चिखल बुडाला की यांतले पुष्कळ पक्षी बांधाच्या आत, तुमच्या कापलेल्या खाचरांत आणि उघाडीजवळच्या ओलीत येऊन बसतात. ते पिकाचा दाणा खायला आलेले नसतात. दोन-तीन तास बसतात, पाणी उतरले की जातात.

मोजण्याची आवड असेल त्यांच्यासाठी एक काम आहे. आशिया खंडातल्या पाणपक्ष्यांची दरवर्षी जानेवारीत मोजणी होते, १९८७ पासून चालू आहे, आणि त्यात हौशी माणसांची मदत लागतेच. आपल्याकडे मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, जी १८८३ साली स्थापन झाली, ती या कामात आहे. थवा मोजायला एकेक पक्षी मोजत बसू नये. दहा पक्षी केवढी जागा व्यापतात ते नजरेत बसवावे आणि तेवढ्या मापाने थवा मोजत जावे, खळ्यावरची रास आपण डोळ्यांनी अंदाजतो तसे. एखाद्या पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा कडे दिसले तर कोणत्या पायात, कोणता रंग आणि अक्षरे काय, ते जागा व तारखेसह लिहून त्या सोसायटीला कळवा. पकडायचा प्रयत्न मात्र करू नका. अशा नोंदींवरूनच कोण कुठून येतो ते कळते. यासाठी कॉलेजची पायरी चढलेली असावी लागते असे मुळीच नाही. याच अलिबागजवळच्या किहीमला १९३० च्या सुमारास सलीम अली राहत होते, आणि तिथे त्यांनी सुगरणीच्या घरट्यांवर जे काम केले त्याने त्यांचे नाव झाले. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. सुगरण तुमच्या विहिरीवरच्या बाभळीलाही घरटी बांधते.

बरोबर काय न्यावे, असे घरच्या बायकांचे विचारणे असते, तर पाण्याची बाटली किल्ल्यात गोडे पाणी असले तरी आपली न्यावी, डोक्याला रुमाल असावा आणि पायांत पट्ट्याच्या चपला असाव्यात. अनवाणी जाऊ नका, खडकावरची कालवे पाय कापतात, आणि शेवाळावर घसरून पडणारे दर सहलीत एक तरी निघते. भडक कपड्यांपेक्षा मातकट बरे. परतताना बाजारात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या लागलेल्या असतात. माघानंतर गेलात तर एक जरूर घ्या, औषधी म्हणून नव्हे, चवीला म्हणून.

चैत्राच्या सुमाराला थवे हलायला लागतात. राखी-करड्या पिसांच्या जागी लहान चिखल्यांच्या छातीवर विटकरी रंग चढतो, दगड उलटवणाऱ्याची पाठ तांबूस होते, आणि एका संध्याकाळी आवाज करत थवा उठतो तो पुन्हा त्या खडकावर उतरत नाही. सगळेच जातात असे मात्र नाही. आदल्या उन्हाळ्यात जन्मलेली काही तरणी पाखरे पहिल्या वर्षी परत न जाता इथेच राहतात. वैशाखात, शाळांना सुट्ट्या लागल्यावर तुम्ही अलिबागला गेलात आणि रिकाम्या वाळूवर एखाद-दोन मळक्या पिसांचे चिखल्या थबकत-थबकत चालताना दिसले, तर ते जखमी नाहीत की वाट चुकलेले नाहीत. पुढच्या वर्षी जायचे असते त्यांना.